अंधारी खोली अंधारीच ठेवायची ठरवली: बेडरूमच्या कामाच्या नोंदी

4 ऑक्टोबर

आजपासून लिहायला घेतेय, कारण मागच्या वेळी हॉल रंगवला तेव्हा काहीच लिहून ठेवलं नव्हतं आणि नंतर टचअप करायची वेळ आली तेव्हा शेडचा नंबरसुद्धा सापडला नाही.

खोली 11 बाय 12 फूट, उंची साडेनऊ. एकच खिडकी आणि तिच्यासमोर पलीकडच्या इमारतीची भिंत, म्हणजे ऊन आत येतच नाही, दिवसभर एक राखाडी उजेड तेवढा असतो. इतकी वर्षं आम्ही तिथे पांढरा लावत आलो, दर वेळी 'उजेड वाढेल' म्हणून, आणि दर वेळी दोन महिन्यांत तीच आजारी वाटणारी खोली. पांढऱ्याला परतवायला मुळात उजेड हवा ना, तो नसला की पांढरा मळकट दिसतो आणि कोपऱ्यातल्या सावल्या जास्तच उठून दिसतात. यावेळी खोलीशी भांडायचं नाही असं ठरवलंय. अंधारी आहे, तर नीट अंधारी करू. गडद भिंती, मखमल, जुनं लाकूड, पितळ, हाताने विणलेलं गुंफलेलं काहीतरी आणि छोटे छोटे पिवळे दिवे, म्हणजे सजावटीत ज्याला गडद बोहो म्हणतात तसं.

बोहो हा शब्द कुठून आला ते आज वाचलं. फ्रान्समध्ये रोमा लोकांना बोहेमियन म्हणायचे कारण ते बोहेमियाकडून आले असा तिथे समज होता, आणि मग 19व्या शतकात पॅरिसमधल्या कफल्लक चित्रकार-लेखकांना तेच नाव चिकटलं. मला त्यातून घ्यायचंय ते एवढंच की वस्तू हळूहळू जमत गेलेल्या वाटाव्यात, एका दिवसात सेट म्हणून उचलून आणलेल्या नकोत. म्हणून एक नियम करून टाकला, घरात आहे ते आधी वापरायचं, नवीन वस्तू सगळ्यात शेवटी.

7 ऑक्टोबर

कपाट सरकवलं आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात रंगाचे पापुद्रे दिसले. ओल. गडद रंगाखाली ती महिनोन्‌महिने दिसलीही नसती, म्हणून आधी हेच निस्तरायचं. जाड प्लॅस्टिकचा एक चौकोन कापून चारही बाजूंनी टेप लावून त्या जागेवर हवाबंद चिकटवलाय. दोन दिवसांनी बघायचं, पाणी प्लॅस्टिकच्या मागच्या बाजूला साचलं तर ओल भिंतीतून येतेय, आणि पुढच्या बाजूला आलं तर खोलीतल्या दमट हवेचं आहे.

9 ऑक्टोबर

मागच्या बाजूला. बाहेरून बघितलं तर खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर लांबीची फट, तिथूनच पाणी मुरत होतं. जुनं सीलंट खरवडून काढलं, जागा कोरडी करून सिलिकॉन भरलं. आतला सुटलेला रंग आणि पुट्टी पार प्लॅस्टरपर्यंत खरवडली आणि आता भिंत उघडीच ठेवलीय वाळायला. खूप मनात येतंय की लगेच पुट्टी लावून मोकळं व्हावं, पण नाही.

26 ऑक्टोबर

परत प्लॅस्टिक लावून बघितलं होतं, दोन्ही बाजू कोरड्या. झालं. आज पुट्टीचे दोन हात त्या कोपऱ्याला, बाकी भिंतींवरची खिळ्यांची भोकं भरली, उद्या 180 आणि मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासणार. मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटून आडवा धरायचा, म्हणजे सगळे उंचवटे आणि खड्डे दिसतात, दिवसा उजेडात हे अजिबात कळत नाही.

30 ऑक्टोबर

रंग निवडणं. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवायलाच हवा असं माझं ठाम मत झालंय.

तीन शेड छोट्या डब्यांत आणल्या, एक वांग्याच्या सालीसारखा काळपट जांभळा, एक कोळशाकडे झुकणारा निळा आणि एक शेवाळी काळपट हिरवा. भिंतीवर ठिपके नाही लावले, कारण बाजूचा पांढरा डोळ्यांना फसवतो आणि कुठलाही गडद रंग पांढऱ्याशेजारी काळाच वाटतो. त्याऐवजी मोठ्या जाड कार्डांवर दोन-दोन हात मारून ती कार्डं दोन दिवस खोलीभर फिरवली, खिडकीशेजारी, पलंगामागे, कपाटाच्या बाजूच्या अंधारात, सकाळी आणि रात्री.

दिवसा निळा सगळ्यात सुंदर दिसत होता. मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण रात्री पिवळा दिवा लावला आणि तो मेला, सरळ ओल्या सिमेंटसारखा राखाडी. पिवळ्या दिव्याच्या उजेडात निळा भाग मुळात कमी असतो, मग निळी भिंत परतवणार तरी काय. जांभळा तपकिरीकडे गेला, वाईट नव्हता, पण सलग बघितल्यावर जड वाटला. हिरवा मात्र दिव्यात जागा झाला, त्यातला पिवळसरपणा वर आला आणि तो एकदम जुन्या विहिरीच्या आतल्या भिंतीसारखा दिसायला लागला. ही खोली आम्ही नव्वद टक्के रात्रीच वापरतो, मग रंगही रात्रीच निवडायला हवा. हिरवा पक्का.

शेड कार्डाच्या मागे एलआरव्ही नावाचा एक आकडा असतो तो बघायची सवय लावून घ्यायला हवी. 0 ते 100 मधला आकडा, रंग किती उजेड परत टाकतो ते सांगतो. आपल्या नेहमीच्या पांढऱ्याचा 80 च्या वर असतो, माझ्या हिरव्याचा 6 आहे. म्हणजे भिंतीवर पडलेल्या उजेडातला बहुतेक सगळा भिंतच गिळणार. दिव्यांचं गणित पूर्ण वेगळं करावं लागणार हे तेव्हाच लक्षात आलं.

2 नोव्हेंबर

आधी एकच लिटर आणून एक भिंत करून बघितली हे फार बरं झालं. मी सॅटिन फिनिश, म्हणजे हलकी चमक असलेलं, घेतलं होतं, पुसायला सोपं म्हणून. वाळल्यावर खिडकीचा उजेड तिरका पडला आणि भिंतीवरचा प्रत्येक उंचवटा, रोलरचा प्रत्येक पट्टा, पुट्टीची प्रत्येक कडा चमकायला लागली. गडद रंगात चमक म्हणजे भिंतीची सगळी कुंडली बाहेर. सॅटिन परत घासून खरखरीत केलं, आता उरलेलं सगळं मॅटमध्येच, म्हणजे बिनचमकीच्या रंगात. मॅटला हात घासला की तिथे चकाकी येते हे माहीत आहे, पण पलंगामागे आपण कापडच लावणार आहोत, तेव्हा चालेल.

8 नोव्हेंबर

हिशोब: भिंती 437 चौरस फूट, दार-खिडकी वजा करून 396, अधिक छत 132, म्हणजे साधारण 528 चौरस फूट, जवळपास 49 चौरस मीटर. लिटरला 10 मीटर धरले तर एका हाताला पाच लिटर. दोन हातांसाठी 10 लिटर घेतलं आणि शिवाय राखाडी प्रायमर.

हा राखाडी प्रायमर कशासाठी ते लिहून ठेवते. आपल्याला वाटतं गडद रंग म्हणजे एका हातात सगळं झाकून टाकेल. उलटं असतं. गडद शेडचा बेसच वेगळा असतो, त्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं पिगमेंट जवळजवळ नसतं, आणि रंगाची झाकायची ताकद मुख्यतः त्याच्यातच असते. त्यामुळे पांढऱ्या प्रायमरवर हा हिरवा झिरझिरीत बसला असता आणि तीन-चार हात मारावे लागले असते. राखाडीवर दोनात काम होतं.

छताबद्दल घरात बरीच चर्चा. आई म्हणाली, "अगं, वरसुद्धा काळं केलंस तर डोक्यावर आल्यासारखं नाही का वाटणार?" मलाही तीच भीती होती. म्हणून कार्ड वर कोपऱ्यात टेपने चिकटवून आम्ही दोघी पलंगावर आडव्या पडून बघत बसलो. पांढरं छत ठेवलं तर गडद भिंत जिथे संपते तिथे एक कडक रेघ येते, आणि त्या रेघेमुळेच छताची उंची मोजली जाते. दोन्ही एकाच रंगात असले की ती कडाच हरवते. बघता बघता आईच म्हणाली, "नको, कर सगळं एकच." छत, भिंती, स्कर्टिंग, खिडकीची चौकट, सगळं हिरवं.

10 नोव्हेंबर

रंगकाम. दादा आला होता मदतीला, एकट्याने हे करू नये. एकाने ब्रशने कडा मारायच्या आणि दुसऱ्याने लगेच मागून रोलर, कारण कडेचा रंग वाळल्यावर रोलर लागला तर तिथे चौकटीसारखा पट्टा दिसतो, गडद मॅटमध्ये तर हमखास. एक भिंत सुरू केली की कोपऱ्यापर्यंत पोचल्याशिवाय थांबायचं नाही, फोन वाजू दे नाहीतर बेल वाजू दे. पंखा बंद ठेवला, म्हणजे ओली कडा लवकर वाळत नाही.

पहिल्या हातानंतर भिंत भयानक दिसते. ढगाळ, डागाळलेली, मला पोटात गोळा आला होता. दादा म्हणाला, "तू बाहेर जा, चार तास इकडे बघू नकोस." दुसरा हात बसला आणि सगळं एकसंध झालं.

टेप रंग ओलसर असतानाच काढला, तिरका ओढून. एका जागी उशीर झाला तिथे रंगाची पातळ साल टेपबरोबर निघाली, तेवढ्याला बारीक ब्रशने हात फिरवला.

डब्यावरचा फॉर्म्युला नंबर इथे आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे लिहिलाय.

12 नोव्हेंबर

दोन दिवस बाहेर हॉलमध्ये झोपतोय, खिडकी उघडी. रंग हाताला कोरडा लागतो पण पूर्ण पक्का व्हायला तीन-चार आठवडे जातात, तोवर पलंग भिंतीपासून वीतभर लांब.

17 नोव्हेंबर

आज मन खट्टू झालं. सामान आत आणलं, संध्याकाळी सवयीने छताचा दिवा लावला आणि खोली म्हणजे गुहा. मधोमध एक पांढरा फटफटीत गोळा आणि चारही बाजूंना काळं. आईने काही न बोलता दार ओढून घेतलं. मी बराच वेळ तशीच बसून होते, एवढी मेहनत केली आणि हे काय झालं असं वाटत होतं.

मग छताचा दिवा बंद केला, हॉलमधला टेबल लॅम्प आणून पलंगाशेजारी खाली जमिनीवरच ठेवला आणि लावला. लाकडाच्या पायावर उजेड पडला, भिंतीचा हातभर भाग हिरवा उजळला आणि त्याच्या पलीकडचं हळूहळू अंधारात विरघळून गेलं. तीच खोली. रंगात काहीच चूक नव्हती, दिवा चुकीच्या जागी होता. पांढऱ्या खोलीत दिवा कुठेही लावा, भिंती उजेड एकमेकींकडे टाकत राहतात आणि सगळीकडे पोचवतात. इथे भिंती काहीच पोचवत नाहीत, त्यामुळे जिथे दिवा ठेवाल तेवढंच दिसणार, म्हणजे काय दिसायला हवं ते आधी ठरवायचं आणि तिथे दिवा न्यायचा.

19 नोव्हेंबर

दिव्यांच्या जागा ठरवायला दोन संध्याकाळी लागल्या. एक्स्टेंशन बोर्ड आणि घरातले सगळे लॅम्प गोळा करून नुसते हलवत बसले. शेवटी चार ठरले. पलंगाच्या दोन्ही बाजूंना, बसल्यावर खांद्याच्या उंचीला येतील असे. एक खिडकीशेजारच्या कोपऱ्यात जमिनीवर, झाडाच्या मागे, म्हणजे पानांच्या सावल्या वर छतापर्यंत जातात. आणि एक छोटा ड्रेसरवर आरशासमोर. कुठलाही दिवा डोळ्यांच्या वर नाही.

बल्ब 2700 केल्विन, म्हणजे पिवळसर उजेडाचे, वाचायच्या बाजूला 470 लुमेन, म्हणजे जुन्या 40 वॉटच्या बल्बाएवढा, बाकी त्याच्या निम्मे. आणि खोक्यावर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा) 90 च्या वर आहे का बघूनच घेतले, कारण कमी सीआरआयमध्ये लाल रंग मरतो आणि गालिच्यातली सगळी मजा त्या लालातच आहे.

डिमरचा नाद सोडला. घरात जुना डिमर होता तो लावून बघितला तर एलईडी थरथरायला लागला, जुने डिमर जास्त वॉटच्या बल्बांसाठी असतात, त्यांना एवढासा लोड पुरत नाही. शिवाय जुना तारेचा बल्ब मंद केला की लालसर होत जायचा, साधा एलईडी नुसता अंधुक होतो, रंग तोच राहतो. त्यापेक्षा चार दिवे, चार वेगळी बटणं, हवे तेवढे लावा.

छताचा दिवा काढला नाही. झाडलोट करायला आणि हरवलेलं काही शोधायला तो लागतोच.

1 डिसेंबर

पडदे. मखमल, गडद विटकरी, हिरव्याच्या शेजारी तो रंग अंगाराची राख झटकल्यासारखा वर येतो. पट्टीच्या दुप्पट रुंदीचं कापड घेतलं म्हणजे चुण्या भरगच्च पडतात, आणि पट्टी खिडकीच्या वर चांगली सहा इंच आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच बाहेर लावली, म्हणजे पडदा उघडला की भिंतीवर जातो, काचेचा एक इंचही झाकत नाही. मुळात उजेड एवढासा, तो तरी पूर्ण यायला हवा.

आईने मशीनवर शिवले, दोन दिवस लागले, मखमल मशीनखाली सरकते म्हणून सगळीकडे आधी कच्चा दोरा घालून घ्यावा लागतो. लावले आणि लांब उभी राहून बघते तर डावा पडदा विटकरी आणि उजवा जवळजवळ काळा. मला वाटलं कापड वेगवेगळ्या ताग्यातलं आलं. दिवा हलवून बघितला, पडदे सरकवून बघितले, काही फरक नाही. आई जवळ गेली, डाव्यावरून वरून खाली हात फिरवला, मग उजव्यावरून.

"अगं, याची लव उलटी आहे. वरचं टोक खाली लागलंय."

मी पण हात फिरवला. डावा मांजराच्या पाठीसारखा गुळगुळीत, उजवा हाताला अडत होता. मखमलीची लव एका दिशेला झोपलेली असते, झोपलेल्या बाजूने बघितलं तर उजेड परत येतो आणि उलट बाजूने बघितलं तर तो लवेच्या आतच अडकतो, म्हणून तेच कापड एकदम गडद दिसतं. कापताना आम्ही कापड वाचवायला एक तुकडा फिरवून घेतला होता.

गंमत म्हणजे आम्हाला तो काळा दिसणारा जास्त आवडला. म्हणून आईने डाव्याचीच दुमड उसवली आणि तोच उलटा केला. आता दोन्ही पडद्यांची लव खालून वर आहे, खोल, दाट रंग, आणि चुणीच्या कडेला तेवढी लालसर रेघ चमकते. धूळ मात्र वर तोंड केलेल्या लवेत जास्त बसते, महिन्यातून एकदा व्हॅक्यूम फिरवायचा.

8 डिसेंबर

गालिचा, सपाट विणीचा किलीम, आजीच्या ट्रंकेतून निघालेला, 160 बाय 230 सेंटिमीटर. आधी पूर्ण पलंगाखाली घातला होता, सगळी नक्षी वाया. आता पायथ्याकडचा दोन-तृतीयांश भाग खाली आणि उरलेला बाहेर, उतरल्यावर पाय त्याच्यावर पडतात.

ट्रंकेतच एक लाल चादर मिळाली, हाताने भरलेली, ती पलंगामागे लावायचा विचार होता. लावायच्या आधी पांढरं फडकं ओलं करून कोपऱ्यावर घासून बघितलं, फडकं गुलाबी झालं. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा, रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, पण सुती कापडावरचे आत्ताचे रंग त्याने पक्के होत नाहीत. म्हणून धुतलीच नाही, उन्हात न धरता नुसती सावलीत हवेशीर ठेवली, मऊ ब्रशने झटकली आणि वरच्या कडेला मागून एक कापडी नळी शिवून त्यात दांडा घालून टांगली. खिळे ठोकून कापड ताणलं असतं तर वजन चार बिंदूंवर येऊन ते फाटलं असतं. डोक्याचं तेल लागू नये म्हणून उशांच्या वर हातभर अंतर सोडलंय.

21 डिसेंबर

मॅक्रमे, म्हणजे दोरीला गाठी मारून केलेली भिंतीवरची जाळी. पाच मिलिमीटरची सुती दोरी, न रंगवलेली. एवढ्या गडद खोलीत एक तरी वस्तू कच्च्या कापसाच्या रंगाची हवी असं वाटत होतं. दोरी किती कापायची याचा अंदाज तयार लांबीच्या चौपट धरतात, आणि ती मधोमध दुमडून दांड्यावर अडकवायची असते म्हणून प्रत्यक्षात आठपट. मी पहिल्यांदा हे दुमडणं विसरले आणि निम्म्यात दोऱ्या संपल्या, तो तुकडा आता कुंडीचं शिंकं झालाय. दुसऱ्यांदा बरोबर. सगळी चौकोनी गाठ, बाकी काही नाही, पण गाठीमागून दिवा लागला की भिंतीवर जाळी पडते.

4 जानेवारी

आरसा दोनदा हलवला. आधी पलंगासमोर होता, त्यात समोरची गडद भिंत दिसायची, म्हणजे अंधार दुप्पट. आता खिडकीच्या काटकोनात, दिवसा त्यात खिडकी येते आणि रात्री ड्रेसरवरचा दिवा. पितळी चौकट मुद्दाम घासली नाही, तिचा तो मावळलेला तपकिरी रंगच इथे शोभतो, लखलखीत पितळ फार ओरडलं असतं.

झाडांचं मात्र चुकलं. स्नेक प्लांट खिडकीपासून लांब आतल्या कोपऱ्यात ठेवलं होतं, कमी उजेडात जगतं म्हणून. जगतं खरं, पण पांढऱ्या भिंतींच्या खोलीत कोपऱ्यातल्या झाडाला भिंतींवरून परतलेला थोडा उजेड मिळत राहतो, इथे तोही नाही. नवीन पान बारीक आणि फिकं आलं. सगळी झाडं खिडकीच्या दोन-तीन फुटांत आणली, पाणी निम्म्यावर आणलं कारण माती वाळायलाच वेळ लागतोय, आणि कोपऱ्यात वाळलेल्या गवताचे तुरे ठेवले.

18 जानेवारी

पलंग भिंतीला टेकवला. भिंतीवर एका जागी बॅगेचा पांढरट ओरखडा आलाय, ओल्या फडक्याने पुसायला गेले तर तिथे चकाकी यायला लागली म्हणून लगेच थांबले. त्यापेक्षा छोट्या स्पंजने तोच रंग टिपून लावला, वाळल्यावर शोधूनही सापडला नाही.

काल रात्री आई उशी घेऊन आली आणि म्हणाली, "आज मी इथेच झोपते." कोपऱ्यातला एकच दिवा चालू होता. ती बराच वेळ छताकडे बघत होती, पानांच्या सावल्या हलत होत्या, मग म्हणाली, "छत कुठेय तेच कळत नाही गं." आणि झोपली.

दाराची आतली कड अजून पांढरीच आहे, दार उघडलं की ती पट्टी दिसते. अर्धा लिटर रंग उरलाय, रविवारी ब्रश काढते.